उजवा वरचा कोपरा

कॉव्हेंट्री,
९ मार्च २०२५

चि. मायरास,

तुझं खोकं काल दुपारी पोचलं. पोस्टमन म्हणाला, फार जड आहे. मी म्हटलं, नातीचं लग्न आहे त्यात. तो हसला आणि माझी सही घेऊन गेला.

आजीच्या दोन सुती साड्या भिजवून, त्यांचा लगदा करून तू हा कागद केलास, हे पत्रात वाचलं होतं; पण हातात घेतल्यावरच पटलं. एका कार्डात मला निळा धागा दिसला. ती साडी ती शनिवारी नेसायची, लायब्ररीत जाताना, वरून तपकिरी कोट. त्या धाग्यापाशी माझा अर्धा तास गेला. म्हातारपणी वेळ असा जातो, विचारू नकोस.

'जुनं टपाल' ही लग्नाची थीम मला मान्य आहे. मोतिया आणि विटकरी कपडे, टेबलांवर शाईच्या दौती, सगळं मान्य. टेबलांना वृत्तांची नावं द्यायची ही तर माझ्याच शाळेची आठवण. चौथीत गुरुजी कविता म्हणायला उभं करत आणि आम्ही डोळे मिटून, झुलत झुलत म्हणत असू. अर्थ कुणाला कळत होता! चाल मात्र अजून पायांत आहे. तेव्हा मला 'शिखरिणी'वर बसव. 'भुजंगप्रयात'वर कुणाला बसवणार आहेस?

अंशुमनच्या नागपूरच्या नातेवाइकांची साठ कार्डं. त्यांच्या पाकिटांवर पत्ते माझ्याच अक्षरात हवेत, हा तुझा हट्ट. तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात नकाशे काढले, त्या हाताला हे जड नाही. लिहितो.

एक विचारतो, सहज. कार्डाचा उजवा वरचा कोपरा कात्रीनं तिरका कापला आहेस. साठही कार्डांचा. ही कल्पना कुणाची? आणि मजकुराच्या डोक्यावर मी 'श्री' लिहून दिला होता, तो कुठेच दिसत नाही. सहजच विचारतो.

तुझा,
आजोबा


साउथहॅम्प्टन,
१५ मार्च

प्रिय आजोबा,

तुमचा पत्र मिळाला, दोनदा वाचला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते, पण चुका दिसल्या तर लाल पेन नको, प्लीज. मी अठ्ठावीस वर्षांची आहे.

कोपरा म्हणजे सरप्राइज! आता सांगणार नाही. एवढंच सांगते की ती आयडिया आजीकडून आली आहे. 'श्री' मी मुद्दाम काढला, कार्डला क्लीन लुक पाहिजे होता. काळी शाई पण ऑन पर्पज. अंशुमन म्हणाला, व्हेरी क्लासी. त्याच्या मम्मीला, म्हणजे आश्लेषाकाकूंना, अजून दाखवलं नाही. त्यांना डायरेक्ट पोस्टाने मिळू दे. नागपूरला कोणी हातानं केलेली पत्रिका बघितली नसेल ना?

'भुजंगप्रयात'वर अंशुमनचे ब्रॅकनेलचे ऑफिसवाले. त्यांच्यातल्या वरदने गूगल केलं आणि म्हणाला, "स्नेक टेबल? मी तुझा काय बिघडवलंय?" त्याला म्हटलं, आजोबांशी बोल.

मार्च संपायच्या आत पोस्ट करा हं. लग्न अठ्ठावीस जूनला, इंडियाच्या लोकांना व्हिसा करायला वेळ पाहिजे. मी या आठवड्यात फुल बिझी, हॉस्पिटलमध्ये न्यूबॉर्न बाळांचे हिअरिंग टेस्ट्स खूप आहेत.

लव्ह,
मायरा


कॉव्हेंट्री,
२० मार्च

चि. मायरास,

आतापर्यंत नऊ पत्ते झाले. फार नाहीत, मला कळतं. निब नीट चालत नाही. शिवाय थंडी परत आली आणि बोटं आखडली. खिडकीशी बसतो, पेन उचलतो, समोरच्या चेरीकडे बघतो, पेन ठेवतो. उठतो, जिन्यापर्यंत जातो, कशासाठी आलो ते विसरून परत येतो. शाळेत पाठांतराच्या दिवशी असंच व्हायचं. पहिली ओळ यायची, दुसरी यायची, आणि तिसरीपाशी मी परत पहिलीवर यायचो.

'आजीकडून आली' म्हणजे काय, ते कळलं नाही. तिनं कधी सांगितलं होतं का तुला असं काही?

एक सुचवू? कोपरा न कापलेली कार्डं उरली असतील तर ती पाठव. हा तिरका भाग पाकिटात अडकतो. टपालाच्या यंत्रात फाटेल अशी मला धास्ती वाटते. एवढा सुंदर कागद, पूर्ण चौकोनच शोभेल त्याला. आणि मी 'श्री' हातानं घालतो, लाल शाईनं, बारीक. तुझ्या थीमला धक्का लागणार नाही.

अंशुमनच्या आईला कार्ड अजून दाखवलं नाहीस ते बरं केलंस. दाखवू नकोस इतक्यात.

तुझा,
आजोबा


साउथहॅम्प्टन,
२७ मार्च

आजोबा,

पाकिटात काही अडकत नाही. मी स्वतः मेजर केलंय.

काल मम्मीचा फोन आला. ती रविवारी तुमच्याकडे आली होती ना? ती म्हणाली, डायनिंग टेबलवर डिंकाची बाटली होती आणि तुम्ही कागदाचे छोटे छोटे त्रिकोण कापून माझ्या कार्डांना चिकटवत होते. चौदा कार्डं झालेली. मम्मीला वाटलं मीच सांगितलंय. ती म्हणाली, "बाबा किती मन लावून करतायत बघ!" फोन ठेवला आणि रडले.

तुम्हाला कार्डं आवडली नाही तर सांगा ना. किंवा अंशुमन आवडत नाही? टू बी ऑनेस्ट मला तसंच वाटायला लागलंय. कार्डं पाठवायची नाहीत, काकूंना दाखवू नकोस, सगळं उशिरा उशिरा. तुम्ही त्याच्याशी इतकं छान बोलता, पण तुम्ही सगळ्यांशीच छान बोलता.

सरप्राइज लग्नात सांगणार होते. आता सांगते. आजी गेल्यावर मम्मीनं मला तिचा शिवणाचा बिस्किटांचा डबा दिला. खाली, बटणांच्या खाली, रुमालात गुंडाळलेला एक पोस्टकार्ड होता. फक्त एकच. हँडरायटिंग इतकी जोडलेली की मला 'मालविका' आणि 'कॉव्हेंट्री' एवढंच वाचता आलं. पण त्याचा कोपरा कापलेला, अगदी नीट, आणि आजीनं इतका जपून ठेवला होता! मला वाटलं, तुमचं लव्ह लेटर असणार. म्हणून मी तसंच केलं. सेम साइज, सेम कोपरा, सेम ब्लॅक. आजीच्या साडीवर आजीचा पत्र.

फोटोकॉपी पाठवते. आता तुम्ही सांगा.

मायरा


कॉव्हेंट्री,
३१ मार्च

मायरा,

अंशुमन मला आवडतो. हे आधी सांगतो, कारण त्यात त्या मुलाचा काही दोष नाही, आणि तुझाही नाही.

ते प्रेमपत्र नव्हे. एकोणीसशे सत्तर सालच्या एप्रिलमध्ये आजीचे वडील नागपूरला वारले. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आजीचा धाकटा भाऊ सतीश तेव्हा एकवीस वर्षांचा होता, त्यानं ते कळवलेलं कार्ड आहे. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा कापायची आपल्याकडे पद्धत होती. वर 'श्री' लिहायचा नाही. घेणाऱ्याला हातात घेताच कळावं, त्यानं दाराबाहेरच वाचावं, अंघोळ करावी आणि कार्ड फाडून टाकावं. ते घरात ठेवत नाहीत. अंशुमनला हे माहीत नसणार, त्याच्या जन्माआधीच घरोघरी फोन आले. पण त्याच्या आजीला, आत्याबाईंना, नागपूरच्या त्या साठ घरांतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत आहे. त्यांच्या दारात तुझी पत्रिका पडली असती आणि मजकूर वाचायच्या आत कुणीतरी मटकन खाली बसलं असतं.

हे मी नऊ मार्चलाच लिहायला हवं होतं. खोकं उघडलं आणि पाहिलं तेव्हाच कळलं होतं. पण तू महिनाभर बादलीत हात घालून कागद केलेला. तुझा आनंद मोडायचा धीर झाला नाही. वाटलं, हळूच डिंकानं जुळवून टाकू, तुला कळणारही नाही.

आता दुसरं. फोटोकॉपी पाहिल्यापासून मी दोन दिवस घरात नुसता फिरतो आहे. हे सांगितल्याशिवाय बसता येणार नाही.

ते कार्ड आलं तेव्हा आजी स्वयंपाकघरात होती. मी दारातच वाचलं. तुझी आई पोटात होती, आठवा महिना संपत आलेला. त्याच्या आदल्या वर्षी आमचं एक मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हिला जपा. मी कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि आत जाऊन म्हणालो, बिल आहे. चाळीस दिवस मी ते खिशात घेऊन कारखान्यात जात होतो आणि येत होतो. ती विचारायची, नागपूरचं पत्र नाही का आलं? मी म्हणायचो, टपालाचा संप असेल. संध्याकाळी तिचं मन रमावं म्हणून शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. ती विणत बसायची, मान खाली घालून.

अर्चना झाली. बाळंतीण घरी आल्यावर आठवड्यानं मी ते कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं. तारीख पाहिली. माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी पंचावन्न वर्षं विसरलो नाही. म्हणालो, फाडून टाक, ठेवू नये. थोड्या वेळानं ती म्हणाली, टाकलं शेगडीत.

तिनं टाकलं नव्हतं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

ती नानांची लाडकी. त्यांच्या तेराव्याच्या दिवशी ती इथे खिडकीचे पडदे शिवत होती, हसत होती, कारण मी तिला काही सांगितलंच नव्हतं. सतीशला तिचं सांत्वनाचं अक्षर गेलं नाही. त्याला काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. दर वर्षी एक दिवाळीचं कार्ड टाकतो त्याला, त्यात माझी सही असते आणि आणखी काही नसतं.

आता कार्डांचं तू ठरव. खोकं परत पाठवतो आहे, मी हात लावत नाही.

आजोबा


साउथहॅम्प्टन,
१९ एप्रिल

आजोबा,

मी अठरा दिवस लिहिलं नाही कारण जे लिहित होते ते सगळं फाडत होते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे ना? दोन दिवसांचा बाळ असतो, आणि मला त्याच्या आईला सांगावं लागतं की याला ऐकू येत नाही. ती पण बाळंतीण असते, टाके असतात, झोप नसते. मी सेम डे सांगते. खुर्ची ओढून, शेजारी बसून. कारण ती बातमी तिची असते. माझी नसते. मी ती खिशात घालून घरी नेऊ शकत नाही.

तुम्ही नेली. आजीचे वडील होते, आणि तुम्ही ठरवलं की तिनं कधी रडायचं. आणि आता माझ्या बाबतीत परत तेच! तीन आठवडे. डिंक घेऊन! मला राग आलाय, आणि मला तुमच्यावर राग येणं आवडत नाही, म्हणून आणखी राग आलाय. मम्मीला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

अंशुमन म्हणाला, "त्यांनी तुला सांगितलं ना शेवटी, कोणी विचारलं नसताना." मी म्हटलं, तू गप्प बस. पण तो बरोबर आहे, थोडा.

कार्डांचं झालं. कोपरा परत जोडायचा नाही, ते खोटं दिसतं. एकच कोपरा कापला तर वाईट बातमी, बरोबर? मग मी चारही कापले. गेल्या वीकेंडला मी आणि अंशुमन बसून तुमची साठ आणि इथली नव्वद. तुमचे डिंकवाले चौदा पण. आता ते आठ बाजूंचे झाले, आणि वर लाल 'श्री', मी स्वतः काढला, थोडा वाकडा आहे. आश्लेषाकाकूंना या वेळी आधी फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "अगं, वड्यांच्या ताटलीसारखं दिसतंय! छान आहे." पत्ते मी प्रिंट करून पोस्ट केले. सॉरी. वेळ नव्हती.

एक कार्ड तुम्हाला पाठवते. रिकामा. मम्मीच्या सतीशमामांना तुम्ही लिहा. पत्ता तुमच्या हाताने, आणि बाकीचं पण. सगळं. नाहीतर मला लग्नात तुमच्या पाया पडताना खोटं वाटेल.

मायरा


कॉव्हेंट्री,
२२ एप्रिल

प्रिय सतीश,

सोबत माझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका आहे. पत्रिका शुभ आहे, कडा पाहून घाबरू नकोस. कागद मालविकाच्या साड्यांचा आहे.

अर्चना काल आली होती. तिला समोर बसवून जे सांगितलं, तेच तुला लिहितो. सत्तर साली नाना गेल्याचं तुझं कार्ड मला वेळेवर मिळालं होतं. मी ते मालविकाला चाळीस दिवस दिलं नाही. ती गरोदर होती, हे कारण खरं आहे. पण त्या दिवसांत रोज सकाळी कोट घालताना मला सुटल्यासारखंही वाटायचं, की आज सांगायचं नाही आहे. हे कारण जास्त खरं आहे. बहिणीनं उलट टपाली दोन ओळी लिहिल्या नाहीत, असं तू मनात धरलं असशील, तर तो दोष तिचा नव्हता. माझा होता.

अर्चना हे ऐकून उठून बागेत गेली. बऱ्याच वेळानं आत आली आणि म्हणाली, "बाबा, आई माझ्या वाढदिवसाला दर वर्षी एकटी बसायची थोडा वेळ. आता कळलं." एवढंच.

तू आलास तर मी स्टेशनवर घ्यायला येईन. नाही आलास तरी तुझं बरोबर असेल.

मोहन


कॉव्हेंट्री,
१४ मे

मायरा,

आधी बातमी, मग बाकीचं. सतीश लग्नाला येत नाही, त्याला एवढा प्रवास झेपणार नाही. दुसरी बातमी: तुझ्या आजीला माहीत होतं.

त्याचं पत्र आज दोन वाजता आलं. त्यात एक जुनं पत्र आहे, आजीनं त्याला मे १९७० मध्ये लिहिलेलं. कार्ड आलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिला ते माझ्या कोटात सापडलं, तुटलेलं बटण लावताना. तिनं वाचलं, परत ठेवलं, बटण लावलं. सतीशला तिचं सांत्वनाचं पत्र गेलं होतं, पान भरून, मी कारखान्यात असताना टाकलेलं. तो लिहितो, "मोहनराव, मला वाटलं, पन्नास वर्षांत ताईनं तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल. तुम्ही नुसत्या सहीची कार्डं पाठवायचात, मी म्हणायचो, बोलायचं नसेल त्यांना."

आजीच्या पत्रातल्या चार ओळी इथे उतरवतो. "हे माझी काळजी करतात, म्हणून बोलत नाहीत, हे मला कळतं. रोज संध्याकाळी शाळेतल्या कविता म्हणून दाखवतात. मी विणत बसते आणि वाट बघते, की कविता संपली की सांगतील. कविता संपते. मग हे उठतात आणि चहा ठेवतात."

मी तिला दुःखापासून जपत होतो, असं इतकी वर्षं समजत होतो. ती माझ्याशेजारी बसून एकटी रडत होती, आणि मी वर कविता म्हणत होतो. चांगल्या कविता होत्या गं. म्हणणाराही वाईट नव्हता. एका ओळीपाशी थांबून तिच्याकडे पाहिलं असतं तर झालं असतं.

हे वाचून तुझा राग कमी होईल की वाढेल, मला माहीत नाही. लग्नाला सहा आठवडे आहेत. हे नंतर, सवडीनं सांगावं, असं मनात आलं. चुकूनही आलं नाही असं म्हणत नाही. आलं. खुर्चीतून उठलो तेव्हा अजून होतं.

म्हणून दोन्ही पत्रं मूळचीच पाठवतो, झेरॉक्स काढायला थांबत नाही. तिचं अक्षर मी पुरतं वाचलेलंही नाही, मागचं पान राहिलं आहे. ते तू वाच आणि मग मला कळव त्यात काय आहे, जे असेल ते.

आता पावणेचार झाले आहेत. कोपऱ्यावरची पेटी साडेचारला उघडतात. गुडघा दुखतो आहे, पण सावकाश गेलो तरी पोचतो. सही करतो आणि निघतो.

आजोबा